नुसतं पाणी

तिकिटाच्या खिडकीत पोरानं विचारलं, "किती जण?"
मी म्हणालो, "केवळाबाई आणि शेषेराव.
पाटकरी. निवृत्त."
त्यानं फक्त दोनचा आकडा काढला.

चौतीस वर्षं कालव्याच्या भरावावर सायकल मारली मी.
मोगे पाठ, चाऱ्या पाठ,
कुठल्या मोग्यात कुणाच्या धोतराचा बोळा, तोही पाठ.
जाताना पाणी डाव्या हाताला, येताना उजव्या.
त्याच्यावर कधी बसलो नाही.
पाण्यावर बसतं का कुणी?
पाणी पोचवायचं असतं.

आज नळदुर्गात बसलोय.
हिच्या नऊवारीवर नारिंगी जाकीट,
बक्कल काही लागेना.
बोटवाला मौलाली म्हणाला, "मावशी, श्वास आत घ्या,"
आणि खट्.
इंजिन खोकलं. निघालो.

बोरी इथं सरळ वाहत नाही.
कुण्या काळी तिला तटाच्या अंगानं वाकवून आणली.
वाकवलेली नदी म्हणजे कालवाच की!
सवयीनं काठ तपासले:
दगड काळा, सांधे जागेवर,
गळती कुठं दिसेना.
आमचा भराव दर पाच-सहा वर्षांनी फुटायचा,
आणि हे चारशे वर्षं उभं.

मौलाली बांधाकडं हात करतो.
"चाचा, याच्या पोटात महाल आहे.
वरून पाणी पडतं, आत माणूस कोरडा.
बसायचं, बघायचं."
"कशासाठी?"
"बघायसाठीच."

मी मनात अंदाजपत्रक उघडलं.
खोदकाम. दगड. चुना. मजुरी.
आणि 'बघायसाठी'?
कुठल्या सदराखाली घातलं असेल बाबानं?
कुठल्या साहेबानं सही केली असेल?

मधोमध इंजिन बंद.
"कुछ नै चाचा, पंखे में शेवाळ अटक्या."
तो मागं ओणवा झाला.
बुरुजावरचं गवत हललेलं ऐकू यायला लागलं.

केवळा म्हणाली, "हे पाणी कुठं जायलंय आता?"
नोकरीत असताना पहाटे दार उघडताना विचारायची,
"कुठवर गेलं?"
मी म्हणायचो, "टेलपर्यंत."
गेलेलं नसलं तरी.

"कुठंच नाही. थांबलंय."
"मंग पाळी कुणाची हाय?"
"कुणाचीच नाही."
"म्हंजी नुसतंच हाय?"
तिनं हात घातला पाण्यात,
कोपरापर्यंत, बांगड्यांसकट.

मग पिशवीतली रिकामी बाटली काढली
आणि माझ्याकडं न बघता बुडवली.
बुडबुड. बुडबुड.
विनापरवाना उपसा.
असल्या नळ्या मी कोयत्यानं तोडल्यात.
एका म्हातारीची भरलेली घागर
परत कालव्यात ओतायला लावली होती,
जीपमधून साहेब बघत होते म्हणून.
म्हातारीचं गाव आठवतं. सांगणार नाही.

"कशाला गं?"
"गोकर्णीला. किल्ल्याचं पाणी.
बघू काय करती."
बाटली गळ्यापर्यंत भरली.
मी बूच शोधून दिलं. पायाखाली गेलं होतं.

मौलालीनं दोरी ओढली, ओढली,
तिसऱ्या हिसक्याला इंजिन लागलं.
"वीस मिनिटं झाली, चाचा.
पण बंद पडलेली आपण धरत नाही."
मोजलेल्या पाण्यात असं कधी कुणी बोललं नव्हतं मला.
मी मनगट पालथं केलं, घड्याळ खाली.

तो आणखी एक वळसा घालून बांधाजवळ नेतो.
केवळा बाटली मांडीत धरून बसलीय,
तान्हं धरावं तशी.
आणि तिकडं धक्क्यावर
नारिंगी जाकिटं घालून माणसं उभी,
आपापल्या पाळीची वाट बघत.